मतं खरंच फुटली का? शंभर चिंचोके घ्या आणि मोजा

आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करणारी तीन मुलं भाड्याने राहतात. दिवसभर इंदूरच्या भंवरकुआँ भागात क्लास, रात्री दहानंतर जिन्यात चर्चा. त्यातला बऱ्हाणपूरचा एकजण मराठी आहे, तो मला काकू म्हणतो. त्याचं ऐकून बाकीचे दोघंही काकूच म्हणायला लागलेत. मागच्या महिन्यात तो वही घेऊन खाली आला. इराणची २००५ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. वहीत लिहिलं होतं, 'सुधारणावाद्यांत फूट पडल्याने पराभव', खाली दोन आकड्यांची बेरीज आणि बेरजेखाली दोन रेघा.

मी इंदूरमध्ये एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. बेरीज बरोबर होती. पण तसलीच एक बेरीज मी स्वतः दोन वर्षं ज्याला त्याला ऐकवत फिरले होते आणि शेवटी तोंडावर पडले होते. म्हणून त्याला म्हटलं, बस, आणि कपाटातून चिंचोक्यांची बरणी काढली.

तुम्हालाही करायचं असेल तर एक परात, आठ-नऊ वाट्या, शंभर चिंचोके आणि एक पाठकोरा कागद लागेल. उन्हाळ्यात चिंच फोडताना मी चिंचोके धुऊन, वाळवून ठेवते. नसतील तर राजमा घ्या. साबुदाणा घेऊ नका, मोजता मोजता जीव जातो.

चिंचोक्यांना हात लावण्याआधी कागदावर एकच ओळ लिहायची: जिंकायला काय लागतं? कोरियात १९८७ साली एकच फेरी होती, ज्याला सर्वात जास्त मतं तो राष्ट्राध्यक्ष, मग ती निम्म्याहून कितीही कमी असोत. इराणमध्ये आणि फ्रान्समध्ये निम्म्याच्या वर जावं लागतं. कोणीच गेलं नाही तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. आपल्याकडे राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आणि श्रीलंकेत मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहिता येतो. ही ओळ का लिहायची? कारण प्रत्येक नियमात फुटीने होणारं नुकसान वेगळ्या जागी होतं. एका फेरीत गादी जाते. दोन फेऱ्यांत दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची जाते, आणि खुर्ची गेली की शर्यतच संपते. मुलं नेमकी हीच ओळ गाळतात.

आता वाट्या भरा. एक चिंचोका म्हणजे शंभरातलं एक मत. इराणमध्ये १७ जून २००५ ला पहिली फेरी झाली, ती मोघम पूर्णांकात अशी: अकबर हाशेमी रफसंजानी २१, महमूद अहमदीनेजाद (शेवटी जिंकले ते हेच) १९, मेहदी कर्रूबी १७, मुस्तफा मोईन १४, मोहम्मद बाघेर गालिबाफ १४, अली लारिजानी ६, मोहसेन मेहरअलीजादेह ४. बेरीज ९५ येते. उरलेले चार-पाच चिंचोके वेगळ्या वाटीत ठेवा, ती कोरी आणि बाद मतं. साधारण १२ लाख होती ती.

आणखी एक वाटी परातीच्या बाहेर ठेवा, रिकामीच. ती घरी बसलेल्यांची. त्या निवडणुकीत शंभरातले सदतीस मतदार आलेच नव्हते, आणि न येणाऱ्यांत सुधारणावाद्यांचे कालपर्यंतचे पाठीराखे बरेच होते. आठ वर्षं त्यांचेच मोहम्मद खातमी राष्ट्राध्यक्ष राहूनही फार काही बदललं नाही, म्हणून रुसलेले. ही वाटी आत्ता बाजूला असू द्या, पण विसरू नका.

बऱ्हाणपूरकराने लगेच दोन मोठ्या सुधारणावाद्यांचे, कर्रूबीचे १७ आणि मोईनचे १४, एका वाटीत ओतले. "एकतीस, काकू! पहिला नंबर!"

मी म्हटलं, ओतायचं नाही. एकेक उचलायचा, आणि उचलताना विचारायचं की हा माणूस कोण.

त्याआधी एक भागाकार करू, कारण तो सोपा आहे आणि सगळ्यात उपयोगी. आपला उमेदवार जिथे अडकला तिथला फरक घ्या आणि त्याला दुसऱ्या सुधारकाच्या मतांनी भागा. कर्रूबी तिसरा आला. दुसऱ्या क्रमांकाच्या अहमदीनेजादपेक्षा सुमारे ६ लाख ४० हजार मतं कमी. मोईनला साधारण ४० लाख ८० हजार. भागाकार येतो सहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे मोईनच्या दर सहा मतदारांपैकी एकजण जरी कर्रूबीकडे वळला असता आणि बाकीचे घरी बसले असते, तरी दुसऱ्या फेरीत अहमदीनेजाद नसता.

हा हिस्सा नेहमी निव्वळ धरायचा बरं का. तीन इकडे आले आणि दोन तिकडे गेले तर आपल्या पदरात एकच पडला.

अमेरिकेत २००० साली फ्लोरिडात तिसऱ्या आलेल्या राल्फ नेडरला ९७,४८८ मतं होती आणि बुश जिंकले ५३७ ने. नेडरच्या दर हजारी निव्वळ सहा माणसं दुसऱ्या आलेल्या गोरकडे गेली असती तरी काम झालं असतं. फ्रान्समध्ये २००२ ला सोळा उमेदवार. समाजवादी जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर, दुसऱ्या क्रमांकावर अतिउजवे ल पेन १६.८६ वर, फरक दोन लाखांच्या आत. डाव्यांतल्याच क्रिस्तियान तोबिरा यांना साडेसहा लाखांवर मतं. म्हणजे तिसऱ्या हिश्श्यालाही थोडं कमी. हिस्सा जितका लहान तितका फुटीचा आरोप टिकण्यासारखा. एकाला चार, म्हणजे चारांत एक, किंवा त्याहून लहान असेल तर मी पुढे बघते. एकाला दोन म्हणत असेल कोणी तर मी चहा ठेवायला उठते.

मग दुसरं पारडं. हे काम कोणी करत नाही, कारण त्यात मजा नाही. इराणच्याच वाट्या बघा. सुधारणावादी कर्रूबी, मोईन आणि मेहरअलीजादेह मिळून १७, १४ आणि ४, म्हणजे ३५. आणि समोर पुराणमतवादी? अहमदीनेजाद १९, गालिबाफ १४, लारिजानी ६, म्हणजे ३९. (रफसंजानी दोन्हींत धरलेले नाहीत.) त्यांचीही तीन शकलं होतीच. आपल्या बाजूला एकजूट झाली असती असं धरायचं आणि समोरचे मात्र तसेच विस्कटलेले राहिले असते असं धरायचं, हा हिशेब नाही, हट्ट आहे. एका बाजूने माघार घेतली की दुसरीकडे फोन फिरायला लागतातच.

आता एकेक चिंचोका उचलण्याचं काम, आणि इथे माझी गोष्ट सांगावी लागेल.

आमच्या सोसायटीत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. जुने अध्यक्ष अकरा वर्षं खुर्चीत. मी उभी राहिले, कारण मला मेंटेनन्सचा आणि टँकरच्या पैशांचा हिशेब नोटीस बोर्डावर हवा होता. दुसऱ्या विंगमधला एक तरुण, आयटीत नोकरी करणारा, तोही उभा राहिला. त्याला कॅमेरे, नवी लिफ्ट आणि सगळं मोबाईलवर हवं होतं. दोघंही सुधारक. दोघांनाही मित्रांनी सांगितलं की एकाने बसा. मी म्हटलं, त्याने बसावं, मी मोठी आहे. तो म्हणाला, काकूंनी बसावं, पुढची वीस वर्षं इथे मी राहायचंय. निकाल: जुने अध्यक्ष ३८, मी ३१, तो २८.

एकोणसाठ विरुद्ध अडतीस! पुढची दोन वर्षं मी हे वाक्य भाजीवाल्यापासून भिशीपर्यंत सगळीकडे म्हटलं. भागाकारही माझ्या बाजूने होता. सात भागिले अठ्ठावीस, एकाला चार.

मग एकदा वाटलं, आपण विचारलं का कधी त्या अठ्ठावीस जणांना? विचारलं. समोरासमोर प्रत्येकजण म्हणाला, "अरे काकू, तुम्हालाच दिलं असतं!" गणिताच्या बाईला तोंडावर कोण नाही म्हणणार. तेव्हा कोजागिरीला गच्चीवर मसाला दुधाच्या टेबलाशेजारी बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला, झाकणाला फट पाडली, बाजूला चिठ्ठ्या आणि पेन. वर लिहिलं: 'ज्यांनी त्या भाऊंना मत दिलं होतं त्यांच्यासाठीच. ते उभे नसते तर काय केलं असतं?' नाव लिहायचं नाही.

रात्री साडेअकराला डबा उघडला. सव्वीस चिठ्ठ्या. अकरा माझ्या नावाच्या. नऊ जुन्या अध्यक्षांच्या. सहांवर लिहिलेलं 'आलोच नसतो', 'मॅच होती', एकावर नुसतंच हसरं तोंड.

माझे ३१ आणि ११ झाले ४२. त्यांचे ३८ आणि ९ झाले ४७. न आलेल्या दोन चिठ्ठ्या माझ्याच धरल्या तरी ४४. मी तरीही हरलेच होते. मला निव्वळ सातांच्या वर हवे होते आणि मिळत होते दोन.

त्या नऊ जणांचं मला आधी वाईट वाटलं, मग समजलं. नर्मदेचं पाणी पहाटे येतं, तेव्हा व्हॉल्व्ह उघडायला जुने अध्यक्षच उठतात. थंडीत मफलर गुंडाळून, हातात टॉर्च घेऊन. तरुणाला मत देणाऱ्यांना कॅमेरे हवे होते. हिशेब नोटीस बोर्डावर लागण्याची त्यांना घाई नव्हती. लिफ्टवाला नसेल तर निदान पाणीवाला असू दे. त्यांच्या लेखी मी आणि तो तरुण एका गटातले नव्हतोच. 'सुधारक' ही पाटी आम्हीच आमच्या गळ्यात अडकवली होती.

तर आता इराणच्या वाट्यांकडे परत या. मोईन बालरोगतज्ज्ञ, उच्च शिक्षणाचे माजी मंत्री. त्यांचा मतदार विद्यापीठातला, शहरी, हक्क आणि स्वातंत्र्याबद्दल बोलणारा. उमेदवारांची छाननी करणाऱ्या पालक परिषदेने त्यांना आधी बाद केलं होतं, सर्वोच्च नेत्यांच्या सांगण्यावरून परत घेतलं. कर्रूबी धर्मगुरू, संसदेचे माजी सभापती, लोरेस्तान प्रांतातले. त्यांनी प्रत्येक प्रौढ इराणी माणसाला महिना ५०,००० तोमान (तिथले पैसे) द्यायचं कबूल केलं होतं. दोघंही सुधारणावादी म्हणवले जातात. पण ५०,००० तोमानांसाठी आलेल्या शेतमजुराला कर्रूबी नसते तर विद्यापीठातले डॉक्टर आठवले असते की गरिबांच्या ताटाबद्दल बोलणारे तेहरानचे महापौर अहमदीनेजाद? मला तर दुसरंच शक्य वाटतं. म्हणून मोईनची वाटी कर्रूबीकडे रिकामी करताना थोडे चिंचोके सांडतात, आणि उलट केलं तर फार सांडतात. कोण बसला यावर निकाल फिरतो. 'दोघांपैकी कोणीही एक बसला असता तर' असं वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिलंत तर मी अर्धा मार्क कापेन.

मोजणीबद्दल कर्रूबींनी स्वतः गैरप्रकाराचा आरोप केला होता. आपण जरा झोपलो आणि उठून पाहतो तर क्रमांक घसरलेला, असं ते म्हणाले होते. तोही कागदावर एका कोपऱ्यात लिहा, कारण जिथे मोजणीवरच वाद आहे तिथे आपले चिंचोके अधिकृत आकड्यांचे आहेत एवढंच. दुसऱ्या फेरीत २४ जूनला अहमदीनेजाद सुमारे ६२ टक्के, रफसंजानी ३६.

अशी चिठ्ठीपेटी देशाला कुठून आणायची? दोन ठिकाणी ती आयती मिळते. एक, दुसरी फेरी. इराणचीच २०२४ ची निवडणूक घ्या, तिथे उलटं झालं: सुधारणावाद्यांकडून मसूद पेझेश्कियान एकटे, आणि समोर सईद जलिली आणि गालिबाफ दोघं अडून बसलेले. २८ जूनला पेझेश्कियान १ कोटी ४ लाख, जलिली ९४ लाख ७० हजार, गालिबाफ ३३ लाख ८० हजार. आपल्या बेरीजवाल्याने तिथेच निकाल सांगितला असता: जलिली आणि गालिबाफ मिळून १ कोटी २८ लाख, संपलं. गालिबाफनी आपल्या लोकांना जलिलींना मत द्या असं सांगितलंही. ५ जुलैला जलिली १ कोटी ३५ लाखांवर पोचले, म्हणजे बेरजेपेक्षाही थोडे पुढे. आणि हरले. पेझेश्कियान १ कोटी ६३ लाख. परातीबाहेरची ती रिकामी वाटी आठवते ना? मतदान चाळीस टक्क्यांवरून पन्नासाच्या आसपास गेलं. जलिली येतात की काय या धास्तीने घरात बसलेले उठले.

दुसरी पेटी म्हणजे पसंतीक्रमाची मतपत्रिका, आणि इथे आपल्या घरचं उदाहरण आहे. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक. आमच्या वडिलांना त्यात आनंद वेगळाच होता, कारण उमेदवारांत चिंतामणराव देशमुख होते. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर राहिलेला मराठी माणूस राष्ट्रपती होणार म्हणून ते रेडिओला कान लावून बसले. पहिल्या पसंतीची मतमूल्यं, म्हणजे खासदार-आमदारांच्या मतांचं वजन धरून, अशी: व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला हवे होते ४,१८,१६९. गिरींना कमी पडत होते फक्त १६,६५४.

आता बघा. देशमुख आणि बाकीचे बारीकसारीक उमेदवार बाद करून दुसरी पसंती वाटली, त्यात रेड्डींना जवळजवळ ९२ हजार मिळाले आणि गिरींना साडेअठरा हजार. म्हणजे देशमुखांच्या पाठीराख्यांचं ठरलं होतं तशी बहुतेक मतं रेड्डींकडेच गेली. शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. पाचातले चार मिळूनही रेड्डी हरले, कारण गिरींना पाचव्याचीच गरज होती. वडील त्या रात्री जेवले नाहीत असं आई सांगायची. आई थोडं वाढवून सांगायची.

पसंतीक्रम असला की फूट आपोआप भरून निघते असं ज्यांना वाटतं त्यांनी श्रीलंकेची २०२४ ची मोजणी बघावी. साजिथ प्रेमदासा आणि रनिल विक्रमसिंघे एकाच पक्षाच्या घरातून निघालेले. पहिल्या मोजणीत अनुरा कुमारा दिसानायके ४२ टक्के, साजिथ ३३ च्या आत, रनिल १७. त्या देशात पहिल्यांदाच दुसरी मोजणी करावी लागली. पहिले दोघं सोडून बाकीच्यांची ३३ लाखांवर मतं होती. त्यातली पुढे कोणाच्या तरी पदरात पडली जेमतेम पावणेतीन लाख. बाकीच्या मतपत्रिकांवर उपयोगी पडेल अशी पुढची पसंतीच नव्हती. वाटी दिली, चमचा दिला, लोकांनी हातच लावला नाही.

कोरियाचं राहिलं. १६ डिसेंबर १९८७: रोह ते-वू ३७, किम यंग-साम २८, किम डे-जुंग २७, किम जोंग-पिल ८. त्याच वर्षी लोकांनी रस्त्यावर उतरून थेट निवडणूक मिळवली आणि दोन्ही किम उभे राहिले. भागाकार एकाला तीन येतो, म्हणजे माझ्या पट्टीने जरा मोठाच. पण इथे मी फूट मान्य करते. किम डे-जुंगांचा मतदार चोल्ला प्रांतातला, ग्वांगजूत १९८० साली सैन्याने केलेला गोळीबार न विसरलेला. तो रोह ते-वू या माजी जनरलकडे जाईल हे मला पटत नाही. एकेक चिंचोका उचलला तरी फारसे सांडत नाहीत. पट्टी आंधळेपणाने वापरायची नसते.

ज्यांना स्वतःच्या मंडळात, सोसायटीत हे टाळायचंय त्यांच्यासाठी एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी. इराणमध्ये २०१३ ला सुधारणावादी मोहम्मद रेझा आरेफ यांनी खातमींच्या सांगण्यावरून ११ जूनला माघार घेतली. मतदान १४ जूनला. हसन रूहानी पहिल्याच फेरीत ५०.७ टक्क्यांनी निवडून आले, निम्म्याच्या वर फक्त २ लाख ६० हजार मतं. ते स्वतः सुधारणावादी नव्हेत, मध्यममार्गी. तरी हे जमलं, कारण 'बस' असं सांगणारा तिसरा माणूस होता आणि त्याचं दोघांनाही ऐकावं लागत होतं. आमच्याकडे असा तिसरा नव्हता. उमेदवारांनी एकमेकांना 'तुम्ही बसा' म्हणणं म्हणजे लग्नघरी शेवटच्या जिलबीसाठी आग्रह; दोघंही नको नको म्हणतात आणि हात ताटाकडेच असतो.

बऱ्हाणपूरकराने शेवटी वहीतलं वाक्य खोडलं. नवं लिहिलं, ते तीन ओळींचं झालं आणि परीक्षेत तेवढी जागा नसते म्हणून कुरकुरला. चिंचोके मोजून परत बरणीत घातले तर अठ्ठ्याण्णवच भरले. दोन सोफ्याखाली गेले असतील.

आणि तो आयटीवाला तरुण. डब्यातल्या चिठ्ठ्यांचा निकाल मी त्यालाही सांगितला होता. पुढच्या कोजागिरीला त्याने माझ्या एकतीस मतदारांसाठी तसाच डबा ठेवला, म्हणजे काकू बसल्या असत्या तर काय. आकडा त्याने अजून सांगितलेला नाही. रविवारी पोहे खायला येतो, मी विचारलं की म्हणतो, "काकू, जीरावण द्या ना जरा."